आजी, संध्याकाळची वाट पाहू नका

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दुपारचा दीड वाजला होता. सकाळचे पेशंट संपले होते, कंपाउंडरने शटर अर्धे खाली ओढले होते आणि मी जेवायला घरी निघालो होतो. तेवढ्यात शटरखालून वाकून एक आजी आत आल्या. कडेवर पदरात गुंडाळलेला अकरा महिन्यांचा नातू. टेकतात न टेकतात तोच त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, रागावू नका. संध्याकाळी सूनबाई आल्यावर आणणारच होते. पण लेकरू आता बघेना झालंय."

पहाटेपासून नऊ वेळा जुलाब आणि दोन उलट्या झाल्या होत्या. सून तीस किलोमीटरवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ती सकाळी निघाली तेव्हा दोनच जुलाब झाले होते. "दात येत असतील," असे म्हणून ती गेली, आणि त्यात तिचे काही फार चुकले असे मी म्हणणार नाही; आपल्याकडे शंभरातल्या नव्वद आया हेच म्हणतात. मुलगा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात. तिथे मोबाईल गेटवर जमा करावा लागतो. आजींनी दहा वाजल्यापासून दोघांना फोन लावले. एकाचा बंद, दुसरीचा 'संपर्क क्षेत्राबाहेर'. मग त्यांनी नातवाच्या टाळूवर तेलाचा बोळा ठेवला, मीठ-मोहऱ्या उतरवल्या आणि वाट पाहत बसल्या. शेजारणीने हटकले तेव्हा कुठे निघाल्या.

मी मूल तपासले. डोळे आत गेलेले, जीभ कोरडी, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसत होती. मूल चिडचिडे झाले होते, पण चमचा ओठाला लावला की अधाशासारखे पीत होते. ही शेवटची गोष्ट फार मोलाची. पीत आहे म्हणजे अजून वेळ गेलेली नाही. मी आजींना विचारले, "तुम्हाला कशावरून वाटले की बिघडले आहे?" त्या म्हणाल्या, "टाळू खोल गेली. आणि रडतंय, पण डोळ्यात टिपूस नाही."

वाचकहो, वैद्यकीय महाविद्यालयात शुष्कतेची जी लक्षणे आम्हाला पाठ करायला लावतात, त्यातली दोन या न शिकलेल्या बाईने सकाळी अकरा वाजताच ओळखली होती. टाळू खोल जाणे म्हणजे शरीरातले पाणी कमी होणे. टाळूवर तेल घालून ती भरत नाही, तोंडाने पाणी गेले की भरते. म्हणजे आजींची नजर बरोबर होती, उपाय चुकला होता. आणि उपायापेक्षाही जास्त नुकसान केले ते अकरा ते दीड या अडीच तासांनी. त्या अडीच तासांत आजी काय करत होत्या? परवानगीची वाट पाहत होत्या.

पाळणाघरे आपल्या गावात जवळजवळ नाहीतच. दोघे कमावते असल्याशिवाय घर चालत नाही. त्यामुळे आज तालुक्याच्या गावात तीन वर्षांखालची किती तरी मुले सकाळी आठ ते संध्याकाळी सात आजी-आजोबांच्या ताब्यात असतात. अकरा तास. मुलांचे आजारपण काही आई-वडिलांच्या सुटीचे वार पाहून येत नाही. म्हणजे मूल आजारी पडल्याचे पहिल्यांदा कळते ते आजीला. पण निर्णय घेण्याचा अधिकार? तो कोणी स्पष्टपणे तिच्या हातात दिलेला नसतो. तिने स्वतः पाच मुले वाढवलेली असतात, पण हे मूल तिला लेकीसुनेची ठेव वाटते. दुसऱ्याची ठेव माणूस जपतो, तिच्याबाबत परस्पर निर्णय घेत नाही.

या बाबतीत माझ्या स्वतःच्या हातून काय घडले ते मी आजवर कुठे लिहिले नव्हते. १९९९ सालच्या जुलैमधली गोष्ट. मला व्यवसाय सुरू करून दोन वर्षे झाली होती. सकाळी नऊच्या सुमारास एक आजोबा नऊ महिन्यांच्या नातीला घेऊन आले. चार-पाच जुलाब झाले होते, मुलगी तशी बरी दिसत होती. मी आजोबांना विचारले, जन्माचे वजन किती, लसी कोणत्या झाल्या, वरचे दूध केव्हा सुरू केले, आधी कोणाचे औषध चालू होते? आजोबांना एकाचेही उत्तर देता येईना. दवाखान्यात गर्दी होती. मी जलसंजीवनीचे पाकीट दिले, कसे पाजायचे ते घाईत अर्ध्या मिनिटात सांगितले, आणि म्हटले, "संध्याकाळी आईला घेऊन या, मग पाहू."

त्या काळी ती माझी सवयच होती. मुलाची माहिती आईकडून घ्यावी असे आम्हाला शिकवलेले. आजी-आजोबा मूल घेऊन आले की मी हमखास म्हणायचो, आईला घेऊन या.

आजोबा संध्याकाळी आठ वाजता आले, आईला घेऊन. दिवसभरात पंधरा-सोळा जुलाब झाले होते. पाकीट फोडलेच नव्हते. आई आल्यावर विचारून द्यावे म्हणून देवळीत ठेवले होते. मुलीला शुद्ध नव्हती, नाडी हाताला लागत नव्हती, सकाळपासून लघवी झाली नव्हती. मला शीर मिळेना. जीप करून जिल्ह्याच्या गावाला पाठवले. ती वाटेतच गेली.

पंधरा दिवसांनी आजोबा स्वतःच्या गुडघेदुखीसाठी आले. मला काही बोलले नाहीत. जाताना एवढेच म्हणाले, "तुम्ही संध्याकाळी सांगितलं होतं, म्हणून मी संध्याकाळची वाट पाहिली." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मीच त्या दिवसापासून तो शब्द बंद केला. जन्माचे वजन कळले नाही म्हणून जुलाबाचे काही अडत नाही. मूल किती वेळा परसाकडे गेले, लघवी केव्हा झाली, पितेय का आणि बघतेय का, हे चार प्रश्न पुरेत, आणि त्यांची उत्तरे आईपेक्षा आजीलाच नेमकी माहीत असतात.

असो. यंदाच्या त्या आजींकडे येऊ. मुलाचे वजन आठ किलो दोनशे भरले. अशा मुलाला पहिल्या चार तासांत किलोमागे ७५ मिलिलिटर जलसंजीवनी द्यायची असते, म्हणजे सुमारे सहाशे मिलिलिटर. मी शटर पुन्हा वर करायला सांगितले, आजींना बाकावर बसवले, हातात वाटी-चमचा दिला. एक चमचा, थांबा, दुसरा चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा सुरू करा, जरा सावकाश. तास झाला असेल, तर आजींचाच हात थरथरायला लागला, कपाळावर घाम. विचारले तर सकाळी साडेसातला साखरेची गोळी घेतली होती आणि त्यानंतर अन्नाचा कण पोटात नव्हता! नातवाच्या आधी आजीला साखरपाणी द्यावे लागले. सांगायचे एवढेच, की मूल सांभाळणाऱ्या आजीने मधुमेहाची गोळी घेतली असेल तर तिने वेळेवर जेवलेच पाहिजे, मग घरात काहीही चालू असो. ती कोसळली तर मुलाला उचलायला घरात दुसरे कोणी नसते.

साडेचार वाजता बाळाने आजींच्या लुगड्यावर भरपूर लघवी केली. आजींनी हात जोडले. मलाही बरे वाटले. सहाला सूनबाई धावत आल्या, मूल हसताना पाहिले आणि पहिले वाक्य काय बोलल्या असतील? "सलाईन नाही लावलं?"

या सलाईनच्या वेडाबद्दल थोडे सांगतो. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. सीमेवरच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात मिसळून पिंपांत भरून ठेवले आणि ते रुग्णांना तोंडाने पाजायला लावले. पाजले कोणी? तिथे परिचारिका होत्या कुठे? रुग्णांच्या नातेवाइकांनीच, हातात पेला घेऊन. शेकडा तीसच्या घरात असलेला मृत्यूंचा आकडा चारच्याही खाली आला. डॉ. महालनबीस २०२२ साली निवर्तले, मरणोत्तर पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये मिळाले. जे काम छावणीच्या चिखलात बसून एखाद्याच्या बहिणीने, आईने केले ते आपल्या स्वयंपाकघरात आजी करू शकते. जे मूल पीत आहे, त्याला बहुधा सलाईन लागत नाही. शुद्ध हरपलेल्या, गिळता न येणाऱ्या, दिलेले सगळे ओकून टाकणाऱ्या मुलाला लागते.

मात्र पाकीट बरोबर मिसळले पाहिजे. इथे फार चुका होतात. मोठे पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते, लहान पाकीट एका पेल्यासाठी, म्हणजे २०० मिलिलिटरसाठी. काही आजी मोठे पाकीट फोडून चिमूट-चिमूट पेल्यात टाकतात, बाकीचे गुंडाळी करून डब्यात ठेवतात. असे करू नये. मिश्रण फार खारट झाले तर अपाय होतो, फार पातळ झाले तर उपयोग होत नाही. पूर्ण पाकीट, पाकिटावर लिहिले आहे तेवढेच पाणी, उकळून गार केलेले असल्यास उत्तम. चोवीस तासांनी उरलेले ओतून द्यावे. दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, त्यावरच्या मुलाला अर्धा ते एक कप. घरात पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मिठाचा चमचा उंच भरू नका. अंगावरचे दूध चालूच ठेवायचे. वरचे खाणाऱ्या मुलाला भाताची पेज, वरणाचे पाणी, ताक, मऊ भात. "पोटाला आराम" म्हणून उपाशी ठेवू नये. आणि डॉक्टरांनी दिलेले झिंकचे औषध जुलाब थांबले तरी चौदा दिवस पुरे करावे.

दुकानात खोक्यातून मिळणाऱ्या गोड पेयांबद्दलही सावध केले पाहिजे. त्यांवर ठळक अक्षरांत ओआरएस लिहिलेले असायचे, आणि आजोबा बिचारे चाळीस-पन्नास रुपये देऊन तेच आणायचे. त्यांत साखर जास्त असते आणि त्याने जुलाब वाढू शकतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरण्यास मनाई केली. तरी दुकानदाराने पुढे केलेले खोके न घेता औषधाच्या दुकानातून भुकटीचे पाकीट मागून घ्या. सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे ते फुकट मिळते.

जुलाबानंतर आजींच्या वाट्याला येतो तो ताप. तापाच्या बाबतीत उलटे होते. तिथे वाट पाहणे नसते, तिथे घाई असते. एका घरी आजी सकाळी एका बाटलीतून आणि दुपारी दुसऱ्या बाटलीतून तापाचे औषध देत होत्या. दोन्ही बाटल्यांची नावे वेगळी, खोकी वेगळी, आत औषध एकच, पॅरासिटामॉल. त्यात एक बाटली थेंबांची होती. हा फरक प्रत्येक घरात माहीत असायलाच हवा. थेंबांच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण १०० मिलिग्रॅम औषध असते. पातळ औषधाच्या बाटलीत पाच मिलिलिटरमध्ये १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. दहा किलोच्या मुलाला एका वेळी जास्तीत जास्त दीडशे मिलिग्रॅम पुरतात. आता थेंबांच्या बाटलीतले औषध कोणी चहाच्या चमच्याने दिले, तर पाचशे मिलिग्रॅम एकदम पोटात जातात, तिपटीहून जास्त! असे वरचेवर झाले तर यकृताला धोका.

बाटलीवरची अक्षरे मुंगीएवढी, तीही इंग्रजी. आजीचा चष्मा जुना, एका डोळ्यात मोतीबिंदू. ती काय वाचणार? म्हणून मी आई-वडिलांना सांगतो, बाटलीला पांढरी चिकटपट्टी लावा आणि तिच्यावर स्केचपेनने जाड मराठीत लिहा: ताप, इतके मिलिलिटर, सहा तासांनी, दिवसातून चारपेक्षा जास्त नाही. किती मिलिलिटर ते तुमच्या डॉक्टरांकडून मुलाच्या वजनावरून लिहून घ्या. मूल वाढते, वजन बदलते, म्हणून दर तीन महिन्यांनी पट्टी बदला. घरात तापाची एकच बाटली ठेवा, बाकीच्या टाकून द्या. मोठ्या माणसाची गोळी मोडून अर्धी-पाव देण्याचा प्रकार तर पूर्ण बंद करा. नाईमसुलाईड हे औषध बारा वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्या देशात २०११ पासून बंदी असलेले आहे, आणि तरीही आजोबांच्या कंबरदुखीच्या पुडीतून ते नातवाच्या पोटात गेल्याचे मी पाहिले आहे. ॲस्पिरिनही मुलांना नको.

अंग गरम आहे पण मूल खेळतेय, पितेय, तर आजींनी घाबरून जाऊ नये. कपडे सैल करा, पाणी पाजा, औषध द्या, संध्याकाळची वाट पाहिली तरी चालेल. दोन महिन्यांखालचे बाळ मात्र वेगळे. त्याला ताप आला, किंवा अंग गार पडले, किंवा त्याने दूध ओढणे सोडले, तर त्याच तासाला निघायचे.

तापात कधी कधी झटके येतात. सहा महिने ते पाच वर्षे या वयात येणारे हे झटके दिसायला भयंकर असतात आणि बहुतेक वेळा दोन-चार मिनिटांत आपोआप थांबतात. आजी एकटी असताना असे झाले तर? मुलाला जमिनीवर कुशीवर झोपवा. लाळ-फेस बाहेर वाहू द्या. तोंडात चमचा, बोट, पाणी, काही घालू नका. दातखिळी उघडण्याच्या प्रयत्नात दात पडून घशात गेल्याची उदाहरणे आहेत. चप्पल, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका. घड्याळ पाहा. झटका पाच मिनिटांच्या वर गेला तर शेजाऱ्याला हाक मारून १०८ ला फोन करायला सांगा. पाच मिनिटांत थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचेच.

खोकला-सर्दीत आजोबांना मी एक काम देतो. ज्यांच्या मनगटावर अजून सेकंदकाट्याचे घड्याळ आहे, त्यांनी मूल शांत झोपले असताना त्याचा सदरा वर करून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांखाली साठ, दोन महिने ते एक वर्ष पन्नास, एक ते पाच वर्षे चाळीस. श्वासाचा आकडा इतका किंवा याहून जास्त आला, तर न्यूमोनियाची शक्यता धरून दवाखान्यात आणावे. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, ज्याला आपल्याकडे "पोट उडतंय" म्हणतात, तर मोजत बसू नका, लगेच निघा. एका निवृत्त पोस्टमास्तरांनी असा श्वास मोजून कागदावर तीन वेळा वेळ आणि आकडा लिहून आणला होता: ४४, ४८, ५२. नात दोन वर्षांची. माझ्याकडे येणाऱ्या शिकलेल्या आई-बापांपैकी असा कागद आजवर कोणी आणलेला नाही!

खोकल्याच्या बाटल्यांबद्दल सध्या लोक धास्तावलेले आहेत, आणि ते योग्यच आहे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या दूषित औषधाने वीसहून अधिक मुले दगावली. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने कळवले की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत. म्हणजे मागच्या आजारातली कपाटातली उरलेली बाटली आजीने काढायचीच नाही. वर्षावरच्या मुलाला अर्धा चमचा मध चालेल. वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये, त्यात असलेल्या जंतूंपासून क्वचित पण घातक लुळेपणा येऊ शकतो. नाकात तेल सोडू नये, ते फुप्फुसात उतरते. कापूर पोटात गेला तर मुलाला झटके येतात, म्हणून कापराची पुरचुंडी मुलाच्या हाताला लागेल अशी बांधू नये. आजीबाईच्या बटव्याचा मी शत्रू नाही. पेज, ताक, अंगाला अंग लावून निजवणे, यापुढे माझी निम्मी औषधे फिकी आहेत. पण बटव्यातल्या काही वस्तू आता काढून टाकायला हव्यात, त्यात स्वतः आजींच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्याही आल्या. साखरेची एक गोळी रांगत्या मुलाने गिळली तरी त्याच्या रक्तातली साखर जिवावर बेतेल इतकी खाली जाऊ शकते. पदराच्या गाठीत, उशाखाली, खिडकीत गोळ्या ठेवू नका.

आता मुला-सुनांना, लेकी-जावयांना चार शब्द. त्या आजींनी माझ्याकडे यायला उशीर का केला, याचे खरे कारण मला दोन दिवसांनी कळले. मागच्या महिन्यात नातवाला सर्दी झाली तेव्हा त्या परस्पर दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. औषधासकट चारशे रुपये झाले. रात्री मुलगा म्हणाला, "एवढं काही झालं नव्हतं. विचारल्याशिवाय कशाला नेलंस?" रागाने नाही, सहज म्हणाला असेल. आईने ते लक्षात ठेवले. पुढच्या वेळी तिने विचारायचे ठरवले, आणि विचारायला फोन लागेना.

म्हणून बाबांनो, दहा वेळा उगीच नेले तरी बोलू नका. त्या दहा वेळांचे पैसे हे अकराव्या वेळेची किंमत आहे. मोघम "काही वाटलं तर दाखव" असे म्हणू नका. "हे झालं तर मला न विचारता ने," असे सांगा आणि काय झाले तर ते लिहून द्या. मी एक कागद तयार करून ठेवला आहे आणि मोठ्या अक्षरात त्याच्या प्रती काढल्या आहेत. मूल पीत नाही किंवा अंगावर ओढत नाही. दिलेले सगळे ओकते. झटके आले. सुस्त पडले, उठवून उठत नाही. पोट उडतंय. शौचात रक्त. सहा तास लघवी नाही. यांतले एकही दिसले की फोन नंतर, रिक्षा आधी. कागदाच्या खाली मुलाचे वजन आणि तारीख, डॉक्टरांचा, ओळखीच्या रिक्षावाल्याचा आणि शेजाऱ्यांचा नंबर. लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स त्यालाच टाचून ठेवा. कित्येक घरांत मूळ कार्ड कपाटात असते आणि कपाटाची किल्ली सूनबाईंच्या पर्समध्ये, तीस किलोमीटरवर! गव्हाच्या डब्यात पाचशे रुपये निराळे ठेवा. आणि कारखान्याच्या गेटचा किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांचा नंबर द्या. तुमचा मोबाईल बंद असला तरी तो लागेल.

रोटाव्हायरसची लस २०१६ पासून आपल्या देशातल्या सरकारी लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली. बाळाच्या सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात ती तोंडाने देतात. त्या १९९९ च्या मुलीच्या वेळी ती नव्हती. आज असूनही एखादा डोस राहून गेलेली मुले माझ्याकडे येतात, कारण लसीच्या दिवशी आई नोकरीवर असते आणि "आजीला कशाला त्रास" म्हणून सांगत नाहीत. आजीला सांगा. त्या नेतात.

आपल्या भागातल्या आणखी एका घराचा विचार मात्र वेगळा करावा लागतो. दिवाळी झाली की इथून ऊसतोडीच्या जोड्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात आणि लहानगी मुले म्हाताऱ्यांजवळ ठेवून जातात. चार-पाच महिने. तिथे आई संध्याकाळी येणार नसते, गुढीपाडव्याच्या सुमाराला येणार असते. मागच्या हंगामात अशी एक आजी दीड वर्षाच्या नातीला घेऊन सात किलोमीटर चालत आली, कारण रिक्षाला पैसे नव्हते आणि १०८ हा नंबर फुकट आहे हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. उचल घेतली की त्यातले हजार रुपये म्हातारीच्या हातात निराळे द्या, मुलाचे वजन अंगणवाडीत करून कागदावर लिहून घ्या, जलसंजीवनीची चार पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या आशाताईंकडून आणून फडताळात वरच्या कप्प्यात ठेवा. आशाताईंचा नंबर म्हातारीच्या मोबाईलमध्ये एक आकडा दाबला की लागेल असा घाला, आणि तिच्याकडून तो एकदा लावून घेऊन मगच ट्रकमध्ये बसा. कागदाच्या प्रती माझ्या दवाखान्यात कंपाउंडरजवळ आहेत. त्यासाठी नंबर लावावा लागत नाही.